टॉवरखालून पाहिलेल्या पिढ्या

६ ऑक्टोबर २०२२ रोजी एअरटेलनं देशातल्या पहिल्या आठ शहरांत फाइव्हजी सुरू केल्याचं जाहीर केलं. त्या यादीत दिल्ली, मुंबई, बंगळूरु, चेन्नई, हैदराबाद, वाराणसी, सिलिगुडी यांच्या जोडीला आमचं नागपूर होतं. एरवी नवी गोष्ट मुंबई-पुण्याला जुनी झाली की विदर्भात येते. या खेपेला तसं झालं नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. पण आठवडाभरातच ओळखीच्यांचे फोन सुरू झाले. "भाऊ, बेसाकडे कधी येते?" "आमच्या महालात तं काहीच नाही येऊन राह्यलं." "नवा फोन घेऊ का थांबू?"

मोबाइल नेटवर्कचं काम मी टूजीच्या काळापासून करत आलो. साइटचा सर्व्हे करायचा, अँटेनाची दिशा आणि कल ठरवायचा, मग गाडीत लॅपटॉप, जीपीएस आणि तीन-चार फोन घेऊन गल्लोगल्ली ड्राइव्ह टेस्ट करत फिरायचं. कुठं आवाज तुटतो, कुठं कॉल पडतो, ते नकाशावर हिरव्या, पिवळ्या, लाल ठिपक्यांनी उमटत जातं. अशा ठिपक्यांतून मी नागपूर आणि आजूबाजूचे जिल्हे पाहिले. जाहिरातीत पिढीचा आकडा मोठा दिसतो. नेटवर्क कसं मिळणार हे मात्र माणूस कुठं उभा आहे, त्याच्याभोवती गर्दी किती आहे आणि टॉवरला वीज आहे की नाही, यावरच ठरतं. या कामातून जे पक्कं कळलं, ते इथं मांडतो.

१. पिढी तंत्रानं येते, घराघरांत पोचते ती दरानं

मोबाइलची पहिली पिढी म्हणजे वनजी आपण अनुभवलीच नाही. ते अ‍ॅनालॉग तंत्र जपानमध्ये १९७९ मध्ये आणि पुढं युरोप-अमेरिकेत चाललं. आपण थेट दुसऱ्या पिढीपासून, डिजिटल जीएसएमपासून सुरुवात केली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला. देशातला तो पहिला मोबाइल कॉल. मुंबई हे दूरसंचाराचं वेगळं सर्कल होतं आणि नागपूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, म्हणून आपला नंबर महानगरांनंतर लागला.

त्या वेळी बोलायला मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत आणि आलेला फोन उचलला तरी पैसे कापले जात. सिव्हिल लाइन्समधले वकील, इतवारीतले मोठे व्यापारी आणि काही डॉक्टर यांच्याशिवाय कोणाच्या हातात फोन दिसत नसे. पिढी तीच राहिली आणि बदल झाला तो नियमांत. १९९९ च्या दूरसंचार धोरणानं कंपन्यांवरचं ठोक परवाना शुल्क काढून उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं. २००२ मध्ये बीएसएनएल मोबाइलमध्ये उतरलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी रिलायन्सनं स्वस्त सेवा आणली. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. त्यानंतर दोन-तीन वर्षांत गांधीबागेतल्या हमालापासून फुटाळ्यावरच्या भुट्टेवाल्यापर्यंत सगळ्यांकडे फोन आला. पिढी मात्र तीच, दुसरी होती. म्हणून कोणतीही नवी पिढी आली की मी आधी रिचार्ज केवढ्याचं ते विचारतो.

२. टूजी बोलण्यासाठी बांधलं होतं आणि ते काम त्यानं चोख केलं

जीएसएमचा एक चॅनेल दोनशे किलोहर्ट्झचा असतो. त्याचे वेळेचे आठ तुकडे पाडतात आणि आठ जण पाळीपाळीनं बोलतात. ही पाळी इतक्या झपाट्यानं येते की बोलणाऱ्याला खंड जाणवत नाही. तुमचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा थोडा-थोडा बोलतो. फोन वाजायच्या आधी शेजारच्या रेडिओत टर-टर-टर असा आवाज यायचा, तो या धडधडीचाच. रेडिओ खरखरला की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "फोन येऊन राह्यला बघ."

९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते. ती झाडांतून आणि मातीच्या भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते. उमरेड रोडला किंवा रामटेकच्या पलीकडे सपाट शेतीच्या मुलखात एका टॉवरवर गावंच्या गावं बोलत असत. जीएसएमची नेहमीची मर्यादा ३५ किलोमीटर असते, कारण त्याहून लांबच्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत यायला इतका उशीर होतो की तो पुढच्याच्या पाळीत घुसतो. प्रत्यक्षात फोनची ताकद त्याच्या कितीतरी आधी संपते. तरीही माझ्या पाहण्यात पुढच्या कोणत्याही पिढीनं एका टॉवरवर एवढा मुलूख सांभाळला नाही.

इंटरनेटच्या बाबतीत टूजी दुबळंच होतं. जीपीआरएसवर, म्हणजे टूजीच्या नेटवर, निकालाचं एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

३. दांड्या पूर्ण असल्या म्हणजे फोन लागेलच असं नाही

ही गोष्ट मला दीक्षाभूमीनं शिकवली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात लाखो लोक येतात. विदर्भातल्या खेड्यांतून येतात, तसे मराठवाड्यातून आणि बाहेरच्या राज्यांतूनही येतात. त्या दोन-तीन दिवसांत लक्ष्मीनगरपासून रहाटे कॉलनीपर्यंत माणूसच माणूस असतो. सगळ्यांच्या फोनवर दांड्या पूर्ण असतात आणि फोन मात्र लागत नाही.

याचं गणित सोपं आहे. टूजीच्या टॉवरच्या एका बाजूला, म्हणजे सेक्टरला, समजा चार चॅनेल दिले. प्रत्येकाचे आठ, म्हणजे बत्तीस तुकडे. त्यातले दोन-तीन यंत्रणेच्या स्वतःच्या कामाला जातात. उरले एकोणतीस-तीस. म्हणजे त्या बाजूच्या मैदानात उभ्या असलेल्या हजारो लोकांपैकी एका वेळी तिसाव्याच्या पुढचा माणूस बोलू शकत नाही. दांड्या फक्त टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतो ते सांगतात. तुम्हाला बोलायला जागा शिल्लक आहे की नाही, हे त्यांना माहीत नसतं.

आम्ही महिनाभर आधीपासून तयारीला लागत असू. चाकांवरचा टॉवर आणून उभा करायचा. मोठ्या टॉवरच्या अँटेना खाली झुकवायच्या, म्हणजे प्रत्येकाचं क्षेत्र लहान होऊन गर्दी वाटली जाते. आवाजाचा दर्जा निम्म्यावर आणून एका तुकड्यात दोघांना बसवायचं. एवढं करूनही संध्याकाळी कंजेशनचा आकडा चढायचाच.

एका वर्षी चाकांवरच्या टॉवरपाशी आम्ही यंत्र तपासत होतो. भंडाऱ्याकडून आलेली एक म्हातारी आली. तिच्याबरोबरची मंडळी गर्दीत कुठं तरी राहून गेली होती. तिच्या हातात वहीच्या कागदाची घडी होती आणि त्यावर मुलाचा नंबर. "बाबू, लावून दे ना रे." लावला, लागेना. पुन्हा लावला, तरी तेच. मग मी त्या नंबरावर एसएमएस टाकला : आई अमुक गेटजवळ मोबाइलच्या गाडीपाशी बसली आहे. एसएमएसला बोलण्याचा तुकडा लागत नाही, तो यंत्रणेच्या स्वतःच्या वाटेनं जातो. अर्ध्या तासानं मुलगा घामाघूम होऊन आला आणि काही न बोलता आईचा हात धरून उभा राहिला. गर्दीत फोन लागत नसेल तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका, एसएमएस टाका, असं तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो. आज फाइव्हजीच्या काळातही हा सल्ला तितकाच खरा आहे.

४. चांगलं तंत्रही एकटं पडलं की संपतं

२००२-०३ मध्ये रिलायन्स आणि पाठोपाठ टाटा इंडिकॉमनं सीडीएमए आणलं. हेही टूजीच्याच पिढीतलं, पण घडण वेगळी. सगळे एकाच वेळी एकाच लहरीवर बोलतात आणि प्रत्येकाला वेगळा संकेत असतो, त्यावरून यंत्र ज्याचं त्याचं बोलणं वेगळं काढतं. आवाज स्वच्छ यायचा, कॉल कमी पडायचे. पण फोन त्या कंपनीचाच घ्यावा लागे. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची सोय सुरुवातीला नव्हती. जगाचा बाजार जीएसएमकडे वळला, सीताबर्डीच्या दुकानांत जीएसएमचे नवे फोन रोज येऊ लागले आणि सीडीएमएची वाट बंद पडली. तंत्र निवडताना त्यावर चालणारे फोन किती तऱ्हेचे आणि किती स्वस्त मिळतात, हे आधी पाहावं.

५. थ्रीजी महाग पडलं आणि लवकर गेलं

२०१० चा थ्रीजीचा लिलाव ३४ दिवस चालला आणि सरकारला ६७ हजार कोटींहून जास्त रक्कम मिळाली. कंपन्यांना हातात मिळाला तो २१०० मेगाहर्ट्झचा, जाण्या-येण्याचा पाच-पाच मेगाहर्ट्झचा तुकडा. एवढे पैसे लहरींवर गेल्यावर टॉवर उभारायला हात आखडणारच.

त्यात थ्रीजीचा एक स्वभाव आहे. एका अँटेनाच्या टापूत, म्हणजे सेलमध्ये, जितके लोक वाढतात, तितकं त्याचं क्षेत्र आक्रसतं. आमच्या भाषेत सेल श्वास घेतो. धरमपेठेत सकाळी दहाला ड्राइव्ह टेस्ट केली की नकाशा हिरवा यायचा. त्याच रस्त्यानं रात्री नऊला गेलं की कडेकडेचे ठिपके लाल. एका फ्लॅटमधले काका रोज तक्रार करायचे : दिवसा नेट चालतं, मुलाशी अमेरिकेत बोलायची वेळ झाली की बंद. कस्टमर केअरचा माणूस त्यांना फोन बंद करून चालू करायला सांगे. त्यांचा फोन ठीक होता. त्यांचं घर सेलच्या काठावर होतं आणि संध्याकाळी तो काठ त्यांच्या घराच्या अलीकडे येत होता. मी त्यांना रात्री फोन टूजीवर ठेवून बोला आणि नेटसाठी खिडकीशी जा, एवढंच सांगू शकलो. पुढं जवळ नवी साइट झाली तेव्हा त्यांचा प्रश्न सुटला.

२०१९ पासून खासगी कंपन्यांनी थ्रीजी बंद करून त्या लहरी फोरजीला द्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्या पिढीसाठी सर्वांत जास्त ताण घेतला, ती दहा वर्षंही धड टिकली नाही. टूजी तिच्या आधी आलं आणि तिच्यानंतरही चालू आहे.

६. पिढी कोणतीही असो, टॉवर विजेवर उभा असतो

बाहेरच्या माणसाला टॉवर दिसतो. आम्हाला त्याच्या पायथ्याची खोली आठवते. टूजीच्या काळात यंत्रं खोलीत असायची, खोलीला एसी, एसीला वीज, वीज गेली तर बॅटऱ्या आणि बॅटऱ्या उतरल्या तर डिझेल जनरेटर. नागपूरचा मे म्हणजे ४५-४६ अंश. अशा दुपारी एसी बंद पडला की खोली तासाभरात भट्टी होते, अलार्म वाजू लागतात आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं. २००५ नंतरच्या काही वर्षांत विदर्भाच्या ग्रामीण भागात तासन्‌तास लोडशेडिंग असायचं. तेव्हा नेटवर्कचं खरं काम इंजिनिअरच्या लॅपटॉपवर चालत नव्हतं. डिझेलचे कॅन घेऊन काटोल, नरखेड, कुहीच्या साइटवर फिरणाऱ्या टेक्निशियनच्या खांद्यावर ते चालत होतं.

अशा एका टेक्निशियनबरोबर मी वादळानंतरच्या रात्री काटोल रोडवरच्या साइटवर गेलो होतो. अवकाळी पावसात तारा तुटलेल्या. खोलीचं दार उघडताच आतून गरम वाफ अंगावर आली. त्यानं आधी बॅटरीच्या पट्टीवर मीटर लावला. ४८ व्होल्टची बँक उतरत ४४ च्या आसपास आली होती. म्हणजे थोडाच वेळ उरला होता. मग जनरेटरची टाकी काठीनं मोजली, कॅन ओतला, हवा काढली आणि हँडल मारलं. यंत्रावरचे दिवे एकेक करून हिरवे होत गेले. दहा मिनिटांत त्याच्याच फोनवर एका गावच्या सरपंचाचा फोन आला, "आलं बरं भाऊ, टॉवर आला." त्या गावात एक बाळंतीण अडली होती आणि ते रुग्णवाहिकेसाठी फोन लावायच्या प्रयत्नात होते.

पुढच्या पिढ्यांनी खोलीचं रूप बदललं. पूर्वी खालच्या यंत्रातून वर अँटेनापर्यंत जाड केबल जायची आणि निघालेल्या ताकदीचा मोठा भाग केबलमध्येच संपायचा. आता रेडिओ वरच, अँटेनाच्या पाठीशी लावतात. खालून फक्त वीज आणि फायबर जातं. पुष्कळ ठिकाणी खोली नाही, एसीही नाही. लेड-अ‍ॅसिडच्या जागी लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. ही खरी प्रगती आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. पण फाइव्हजीच्या एका अँटेनात डझनावारी लहान रेडिओ बसवलेले असतात आणि तिला वीज भरपूर लागते. वीज गेल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी आधी तीच बंद करतात. म्हणून वादळात तुमच्या फोनवरचं फाइव्हजी जातं आणि फोरजी राहतं.

उन्हाचा मार फोनवरही पडतो. मे महिन्यात दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापला की तो आपला वेग स्वतः कमी करतो. अशा वेळी कंपनीला दोष देण्याआधी फोन सावलीत ठेवून पाहा.

७. सर्वांत मोठी उडी थ्रीजी ते फोरजी होती

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. दुकानापुढं आधार कार्ड घेऊन लागलेल्या रांगा नागपूरनंही पाहिल्या. डेटा काही महिने फुकट होता, त्याची चर्चा खूप झाली. माझ्या लेखी मोठी गोष्ट वेगळी आहे. फोरजीत बोलण्यासाठी वेगळी वाट ठेवलेलीच नाही. आवाजसुद्धा डेटा म्हणूनच जातो. जुन्या कंपन्या फोन आला की हँडसेटला थोडा वेळ टूजी-थ्रीजीवर उतरवत, म्हणून फोन लागायला उशीर व्हायचा आणि बोलताना नेट मंद पडायचं. जिओकडे खाली उतरायला टूजी नव्हतंच. त्यामुळं व्होल्टी, म्हणजे फोरजीवरूनच बोलणं, सुरुवातीपासून चालवणं त्यांना भाग पडलं आणि बाकीच्यांनाही त्यांच्या मागं यावं लागलं.

याचा परिणाम मी सीताबर्डीपेक्षा काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात जास्त पाहिला. पूर्वी बागवान फोनवर सांगायचा, "माल चांगला आहे, या पाहायला." व्यापारी येईपर्यंत त्याला थांबावं लागे. फोरजीनंतर तो बागेत उभा राहून झाडाचा, फळाच्या आकाराचा व्हिडिओ काढून एकाच वेळी चार व्यापाऱ्यांना पाठवू लागला. कळमन्याच्या बाजारातला भाव त्याला गाडी भरायच्या आधी कळू लागला. त्यानं भाव नेहमी चांगलाच मिळाला असं नाही, पण अंधारात सौदा करायची वेळ गेली. करोनाच्या काळात शाळा फोनवर आल्या तेव्हा फोरजी असलेल्या आणि नसलेल्या गावांतला फरक तर उघडच दिसला. टेकडीवर, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला फोन धरून बसलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिली.

८. टॉवर दूर ढकलला की फोनला जास्त ओरडावं लागतं

मनीषनगरकडच्या एका सोसायटीच्या बैठकीला मला बोलावलं होतं. गच्चीवरच्या टॉवरचा करार रद्द करायचा ठराव होता. एक काकू काळजीनं बोलत होत्या, घरात लहान नातू होता. त्यांच्या काळजीला मी हसलो नाही आणि कोणी हसूही नये. मी त्यांना एवढंच सांगितलं : सप्टेंबर २०१२ पासून आपल्या देशानं टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे. टॉवर त्यात बसतो का, याची तपासणी तुम्ही मागू शकता. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या पोर्टलवर तुमच्या भागातले टॉवर दिसतात. दुसरी गोष्ट, फोन आपली ताकद टॉवरच्या अंतराप्रमाणे कमी-जास्त करतो. टॉवर लांब गेला की कानाशी धरलेला फोन पूर्ण जोरानं बोलतो आणि त्याची बॅटरीही लवकर उतरते. ठराव पुढं ढकलला गेला आणि आधी मोजणी मागवायची ठरली. लोकांना खरी माहिती दिली तर ते नीट ठरवतात, हा माझा अनुभव आहे.

९. सीमेवरच्या माणसाला विसरू नये

नागपूरहून जबलपूर रस्त्यानं निघालं की मनसर-देवलापारच्या पुढं मध्य प्रदेश लागतो, दुसऱ्या रस्त्यानं सावनेरच्या पलीकडं मध्य प्रदेशातलंच सौंसर. पूर्वी शेतात काम करताना फोन पलीकडचा टॉवर धरायचा आणि आपल्याच वावरात उभ्या शेतकऱ्याला रोमिंग लागायचं. आता ते पैसे गेले, चांगलं झालं. पेंचच्या जंगलात मात्र आजही मोठमोठ्या पट्ट्यांत कोणतीही पिढी पोचत नाही आणि वाघांच्या जागेत ती पोचावी असा माझाही आग्रह नाही. तिथं जाताना घरी सांगून जा, एवढं पुरे.

१०. फाइव्हजीचं खरं काम गर्दीत आहे

आता फाइव्हजीबद्दल. मोकळ्या रस्त्यावर टॉवर समोर दिसत असताना मी सेकंदाला कित्येक शे मेगाबिट वेग पाहिला आहे. तोच फोन महालातल्या जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत नेला की फोरजीवर येतो. कारण फाइव्हजीची मुख्य लहर ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासची. ती रुंद आहे, तिच्यावर खूप माल जातो, पण जाड भिंत तिला मानवत नाही. जिओनं ७०० मेगाहर्ट्झचीही लहर घेतली. ती आत पोचते, पण अरुंद आहे. लांब जाणारी लहर कमी वाहते आणि जास्त वाहणारी लांब जात नाही. हे कोणत्याही पिढीत बदललेलं नाही.

फोनवर फाइव्हजी लिहून येतं म्हणून माल त्याच वाटेनं येतो असंही नाही. एअरटेलनं सुरुवात फोरजीच्या आधारावरच्या फाइव्हजीनं केली, जिओनं फोरजीवर न विसंबणाऱ्या स्वतंत्र गाभ्यानं. पहिल्या पद्धतीत चिन्ह दिसत असतानाही बराच डेटा फोरजीवरून जाऊ शकतो. शिवाय टॉवरपर्यंत फायबर आलं नसेल तर वर कितीही भारी अँटेना लावा, मागची नळी बारीकच.

मग फाइव्हजी कशासाठी? गर्दीसाठी. नव्या अँटेना प्रत्येक फोनकडे वेगळा झोत वळवतात, म्हणून एकाच वेळी खूप जणांना पुरतात. दीक्षाभूमीवर, जामठ्याच्या स्टेडियमवर, डिसेंबरात हिवाळी अधिवेशनात विधानभवनाभोवती फरक जाणवतो, तो याचा. फाइव्हजीकडे गेलेल्यांमुळे फोरजीवरही जागा मोकळी होते, म्हणजे जुना फोन वापरणाऱ्यालाही फायदा मिळतो. दुसरा चांगला उपयोग घरच्या इंटरनेटचा. शहराच्या कडेच्या नव्या लेआउटमध्ये केबल यायला वर्षं लागतात, तिथं खिडकीबाहेरचा फाइव्हजीचा डबा काम भागवतो. पण फक्त व्हॉट्सअ‍ॅप, व्हिडिओ आणि यूपीआयसाठी चालता फोन टाकून नवा घेऊ नका. फोरजी ते फाइव्हजी हा फरक थ्रीजी ते फोरजीइतका मोठा नाही.

११. जुनी पिढी बंद करण्याआधी शेवटच्या गावात जाऊन यावं

नागपूरपासून गडचिरोली १७० किलोमीटर. तिथून पुढं भामरागड गाठायला आणखी तेवढंच जावं लागतं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. रस्त्याच्या कडेनं केबल गेलेली असेल तर तीही तुटते. अशा भागात पहिला टॉवर उभा राहिला तो पुष्कळ ठिकाणी पोलिस ठाण्याच्या आवारात, टूजीचा, सरकारी निधीतून. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशाच्या नक्षलग्रस्त भागांतले असे २,३४३ टूजी टॉवर फोरजीचे करायला मंजुरी दिली. म्हणजे त्याच वर्षी नागपुरात पाचवी पिढी सुरू होत होती आणि तिकडं चौथीच्या कागदावर सही होत होती. एकाच विदर्भात हे एवढं अंतर आहे.

टूजी बंद करावं, असं अधूनमधून बोललं जातं. लहरी वाचतील, वीज वाचेल, हे खरं आहे. पण आजही कोट्यवधी लोक बटणांच्या साध्या फोनवर बोलतात. त्यांच्यातली आशा सेविका, रोजंदारीवरचा मजूर, एकटी राहणारी आजी या सगळ्यांना त्या फोनमुळंच हाक मारता येते. त्यांच्या हातात परवडणारा फोरजी फोन आणि त्यांच्या दारात त्याचं नेटवर्क आल्याशिवाय टूजी बंद करणं मला अन्यायाचं वाटतं. हे मी नवं तंत्र नको म्हणून सांगत नाही. नवं तंत्र उभारण्यातच माझं आयुष्य गेलं.

वाचकांना एक विनंती. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना त्यांचं टूजी, थ्रीजी, फोरजी, फाइव्हजीचं कव्हरेज नकाशावर दाखवणं बंधनकारक केलं आहे. तो नकाशा त्यांच्या वेबसाइटवर उघडा आणि तुमचं गाव, तुमची गल्ली शोधा. तिथं रंग भरलेला असेल आणि प्रत्यक्षात फोन लागत नसेल, तर कस्टमर केअरला तक्रार द्या, डॉकेट नंबर मागून लिहून ठेवा आणि उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा. तक्रारीत पिन कोड, वेळ आणि तुम्ही घरात होता की बाहेर, हे जरूर लिहा. गावातल्या पाच-दहा जणांनी अशी वेगवेगळी तक्रार केली तर ते ठिकाण ड्राइव्ह टेस्टच्या यादीत यायची शक्यता वाढते.